सार्वजनिक पैशाचे सोवळे

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेतले एक पुष्प मी गुंफावे असे चिटणीसांनी सुचवले, तेव्हा संतकाव्य, नाटक, फार तर बडोद्यातील मराठी वाङ्मयाची परंपरा यांपैकी काहीतरी मी निवडीन अशी त्यांची अपेक्षा होती. मराठीच्या प्राध्यापकाकडून आणखी कसली अपेक्षा करायची? मी विषय कळवला : 'संस्थेचे हिशेब आणि विश्वस्तांची जबाबदारी'. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, लोक झोपतील हो." मी म्हटले, सभासद झोपले तरी चालेल, विश्वस्त तेवढे जागे राहिले म्हणजे पुरे.

मी वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. मात्र या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी बरीच वर्षे काढली आहेत आणि त्यातली काही चिटणीस म्हणून. त्या काळात जे शिकलो ते पुस्तकातून कमी आणि चुकांतून अधिक. त्या चुकांपैकी एक माझी स्वतःची आहे. ती आजवर या व्यासपीठावरून मी कधी सांगितलेली नाही. आज सांगणार आहे, पण थोडे थांबून.

आपण बडोद्याचे लोक वाचनालय म्हटले की सयाजीराव महाराजांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पाठवणारी फिरती वाचनालये सुरू केली. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी या चळवळीची धुरा वाहिली. हे सारे आपण प्रत्येक वर्धापनदिनाला ऐकतो. पण त्या योजनेतली एक गोष्ट भाषणांतून बहुधा निसटते. गावाला वाचनालय हवे असेल तर गावाने आधी स्वतःची वर्गणी गोळा करायची. तेवढीच रक्कम पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. तीन समान वाटे. महाराजांना सगळा खर्च खजिन्यातून करता आला नसता असे नव्हे. तरीही गावकऱ्यांचा वाटा त्यांनी पहिला मागितला. या मागणीत मोठे शहाणपण होते असे मला वाटते. ज्या वाचनालयात आपले चार आणे आहेत, त्याचा हिशेब विचारायला माणूस संकोचत नाही. आणि तीन ठिकाणांहून पैसा आला म्हणजे तीन ठिकाणी हिशेब द्यावा लागतो, हे चालकांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

आपले वाचनालयही लोकवर्गणीतूनच उभे राहिले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पाठोपाठ १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. १९६० साली गुजरात वेगळा झाला तरी कायदा तोच राहिला. पुढे २०११ साली त्याच्या नावातली 'मुंबई' जाऊन तिथे 'गुजरात' आले, एवढेच. आपल्यासारख्या संस्थेची नोंदणी म्हणून दुहेरी असते : १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून एक आणि धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी सार्वजनिक न्यास म्हणून दुसरी. सभासदांना हे दोन प्रकार एकच वाटतात आणि त्यांनी तसे मानले तरी बिघडत नाही. विश्वस्तांनी मात्र त्यातला एक अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. या इमारतीचा मालक कोण? सभासद नव्हेत, अध्यक्ष नव्हेत, ज्यांच्या पणजोबांनी जागा दिली ते कुटुंबही नव्हे. आपण सगळे फक्त सांभाळणारे आहोत. मराठीत 'विश्वस्त' हा शब्द मोठा सुंदर आहे, कारण त्यात सत्ता कुठेच नाही. ज्याच्यावर विश्वास टाकला तो विश्वस्त. पण आपल्याकडे कोणी विश्वस्त झाला की अभिनंदनाचे फलक लागतात. खरे म्हणजे त्या दिवशी त्या माणसाच्या डोक्यावर एक ओझे चढलेले असते.

आता आमच्या एका जुन्या कोषाध्यक्षांची हकीकत सांगतो. नाव घेत नाही. जुन्या सभासदांना ते कळेलच. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, धोतर आणि काळा कोट, बगलेत पावतीपुस्तकांची पिशवी. संध्याकाळी ठीक सहाला ते येत आणि खिडकीजवळच्या मेजाशी बसत. वाचनालयाच्या कामासाठी रिक्षा केली तर भाडे स्वतः देत. दिवाळीला सेवकांना फराळ त्यांच्या घरून येई. त्यांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेतली असती, तर आम्ही त्या माणसाला पायरी चढू दिली नसती.

काकांच्या कारकिर्दीत एक वेळ अशी आली की वाचनालयाचे बँकेतले खाते अडकले. अडकले म्हणजे पैसे होते, पण काढता येत नव्हते. का अडकले ते पुढे सांगतो. ग्रंथपाल आणि शिपाई या दोघांचे पगार थांबले. वीज मंडळाचे बिल आले. काकांनी काय केले? ते स्वतःच्या निवृत्तिवेतनातून पगार देत राहिले. वर्गणीचे रोख पैसे येतील त्यातून थोडे परत घेत, थोडे घेत नसत. पुन्हा पुढच्या महिन्यात घालत. हे कित्येक महिने चालले आणि यातले एक अक्षर त्यांनी रोजकीर्दीत लिहिले नाही. स्वतःचे पैसे संस्थेला दिले हे लिहायचे म्हणजे मोठेपणा मिरवायचा, असे त्यांना वाटत असावे. त्या पिढीची ती रीतच होती.

पण वहीला संकोच कळत नाही. हातात रोकड नसताना पगार दिल्याचे लिहिले तर शिल्लक उणे येते. म्हणून काका पगाराची नोंद वर्गणी जमेपर्यंत लांबवत. शिपायाने पगाराच्या पावतीवर सही केली १ तारखेला आणि कीर्दीत खर्च पडला १८ तारखेला. तसेच ५ तारखेला फाडलेल्या वर्गणीच्या पावत्याही १८ तारखेलाच जमा पडल्या. प्रत्यक्षात घडले होते ते असे, की संस्था काकांची ऋणी होती. वहीवरून दिसत होते ते असे, की संस्थेचे पैसे तेरा दिवस काकांच्या खिशात होते.

काका वारले. त्यानंतर वर्षभराने हिशेबतपासणीत या तारखा पुढे आल्या. तपासनीसाचा काही दोष नव्हता. अनियमित खर्च, वेळेवर न भरलेली रोकड, वसूल न केलेली येणी यांवर शेरा मारणे हे त्याचे कायद्याने नेमून दिलेले कामच आहे. त्याने दोन ओळींचा शेरा लिहिला. दोन ओळींचे गावात काय होते ते तुम्ही जाणता. "काका पैसे फिरवत होते म्हणे." सार्वजनिक पैसा काही काळापुरता वापरून परत केला, तरी कायद्याच्या नजरेत तो अपहारच ठरतो, त्यामुळे या वाक्याचा अर्थ लहान नव्हता.

आणि एका रविवारी काकांचे चिरंजीव माझ्या घरी आले. बरोबर खिशात मावेल एवढी एक वही. वडिलांच्या कपाटात सापडलेली. आत आकडे, तारखा, काही आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा. नाव नाही, कारण नाही. चहा झाला आणि ते म्हणाले, "सर, मला पैसे नकोत. बाबांचं संस्थेकडे निघतं, की संस्थेचं बाबांकडे, एवढंच सांगा. आई विचारते."

मला उत्तर देता आले नाही.

काकांनी काय करायला हवे होते? फार काही नाही. रोजकीर्दीत जमेच्या बाजूला 'कोषाध्यक्षांकडून हातउसने' अशी एक ओळ, परत घेतील तेव्हा खर्चाच्या बाजूला दुसरी ओळ, खतावणीत त्यांच्या नावाचे एक पान आणि पुढच्या सभेत मंडळाचा ठराव. दान करायचे होते तर स्वतःच्या नावाची पावती स्वतःच फाडायची होती. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे दिवाळीला चोपडापूजन होते. बडोद्यात चार पिढ्या राहून आपण फाफडा घेतला, उंधियो घेतला, गरबा घेतला. हिशेबाच्या वहीला कुंकू लावून तिच्यापुढे हात जोडणे मात्र आपण घेतले नाही. आपल्या मराठी संस्थांत हिशेब हा खालच्या दर्जाचा, कारकुनी विषय मानला जातो. अध्यक्षपद साहित्यिकाला, चिटणीसपद वक्त्याला आणि वही जो नाही म्हणू शकत नाही त्याला.

आता माझी गोष्ट. खाते का अडकले?

त्याच्या आधी तीन वर्षे, मी चिटणीस असताना, वार्षिक सर्वसाधारण सभा होती. दिवस पावसाळ्याचा. विश्वामित्रीला पाणी आलेले, अर्धे शहर घरात. सभेला नऊजण आले. गणसंख्येला त्याहून बरेच अधिक हवे होते. घटनेप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवायची, मग गणसंख्येची अट राहत नाही. अर्धा तास थांबायचे होते, एवढेच. पण पाऊस वाढत होता. कोणीतरी म्हणाले, "लिहून टाका हो सर, सगळं बिनविरोधच आहे." आम्ही घरी गेलो आणि रात्री जेवण झाल्यावर मी इतिवृत्त लिहिले : 'गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात आली. अर्ध्या तासाने तहकूब सभा त्याच जागी भरली व पुढील कार्यकारी मंडळ एकमताने निवडण्यात आले.' अक्षर चांगले आले होते. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे वाक्यरचनाही निर्दोष होती. फक्त ती सभा झालेली नव्हती.

विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळ बदलले, की तो बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत कळवावा लागतो. चेंज रिपोर्ट म्हणतात त्याला. त्यावर चौकशी होऊन आदेश झाला म्हणजे नवी नावे न्यासाच्या नोंदवहीत चढतात. मी ते कागद दिले. पण नव्वद दिवसांत नव्हे, सवडीने. उशीर झाला म्हणून माफीचा अर्ज जोडावा लागला. प्रकरण रेंगाळले. दरम्यान मंडळाशी बिनसलेल्या एका सभासदाने हरकत घेतली आणि हजेरीवही मागितली. वहीत नऊ सह्या होत्या, आणि त्या नऊतले दोघे सरळपणे म्हणाले, "आम्ही तर सव्वासहालाच निघालो होतो." ते खरे बोलले म्हणून त्यांच्यावर चिडणारे आमच्यात काहीजण निघाले. मीही थोडा चिडलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

सुनावण्यांमागून सुनावण्या. बँकेत जुन्या सह्या ज्यांच्या होत्या, त्यांतले एक गृहस्थ वारले होते आणि दुसरे मुलाकडे पुण्याला कायमचे गेले होते. नव्या सह्या घ्यायच्या तर बँक आयुक्तांचा आदेश मागत होती. आदेश होईना. खाते अडकले ते असे. आणि खाते अडकले म्हणून काकांनी खिशात हात घातला.

तपासनीसाच्या त्या दोन ओळी काकांच्या नावावर लागल्या. त्यांचे मूळ त्या रात्री मी लिहिलेल्या त्या ओळींत होते. काकांच्या हयातीत मी हे त्यांना बोललो नाही. त्यांना ते ठाऊक होते असे मला वाटते.

म्हणून नव्या चिटणीसांना मी सांगत असतो, की इतिवृत्त हा ललित वाङ्मयाचा प्रकार नाही. झाले ते लिहा. सभा झाली नाही तर झाली नाही असे लिहा. त्याने आभाळ कोसळत नाही. निवडणूक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चेंज रिपोर्टचे कागद करायला घ्या. तो अर्ज गुजरातीत लिहावा लागला तर ज्याला चांगले गुजराती येते अशा सभासदाला धरा. आपल्या नातवंडांना ते आपल्यापेक्षा बरे येते.

हितसंबंधांची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण चांगल्या माणसांना सर्वांत अवघड जाते ती हीच. मराठी माणसाला याचे एक मोठे उदाहरण घरातच आहे. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. शाळेत आपल्याला शिकवले जाते की राजकीय की सामाजिक सुधारणा आधी, या वादामुळे ही फारकत झाली. तो वाद होताच. पण सोसायटीतल्या भांडणाच्या मुळाशी एक हिशेबाचा प्रश्नही होता : आजीव सभासदाने आपला वेळ आणि बाहेरची मिळकत संस्थेची मानायची की स्वतःची? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करल्यावर हा प्रश्न विकोपाला गेला. कोण बरोबर होते हा न्याय करण्याची माझी योग्यता नाही. संसार कसा चालवायचा, ही आगरकरांच्या बाजूची अडचण खरी होती. नियम एकदा वाकवला की पुन्हा सरळ होत नाही, हे टिळकांचे म्हणणेही खरे होते. मला नवल वाटते ते याचे, की इतकी मोठी माणसे मानधन आणि मिळकत हा विषय क्षुद्र न मानता त्यावर वर्षानुवर्षे वाद घालत होती, लेखी घालत होती. आपण असा विषय निघाला की 'जाऊ द्या हो, आपलीच माणसं' म्हणतो.

आपल्या शताब्दी ग्रंथाच्या छपाईचे पाहा. मंडळातल्या एका सदस्याच्या जवळच्या नातेवाइकाचा छापखाना आहे आणि कामही उत्तम होते. त्याला काम द्यायचे नाही असा नियम नाही आणि नसावा. पण त्या सदस्याने नाते सभेत सांगितले, चर्चेच्या वेळी ते बाहेर जाऊन बसले, तीन ठिकाणांहून दरपत्रके आली आणि हे सगळे इतिवृत्तात उतरले. काम शेवटी त्या छापखान्याला मिळाले नाही. मिळाले असते तरी आज कोणाला बोट दाखवता आले नसते. बाहेर व्हरांड्यात बसलेले ते गृहस्थ मला म्हणाले, "सर, थोडा अपमान वाटला बुवा." मी म्हटले, वाटणारच. तो संस्थेच्या कामाचा भागच आहे.

इमारतीविषयी थोडक्यात बोलतो, कारण हा विषय मंडळापुढे आहे. आपली जागा भर वस्तीतली. 'जुनी इमारत पाडून वर चार मजले चढवू, तळमजल्यावर तुमचे वाचनालय फुकट' असे सांगणारी माणसे येत असतात आणि पुढेही येतील. त्यांच्याशी चहा प्यायला हरकत नाही. पण न्यासाची स्थावर मिळकत विकणे, गहाण टाकणे, बदली देणे किंवा बक्षीस देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून होऊ शकत नाही. इमारत किंवा बिनशेतीची जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी तीच मंजुरी लागते. मंडळाने एकमताने ठराव केला, सर्वसाधारण सभेने टाळ्या वाजवल्या, तरी मंजुरी नसेल तर तो व्यवहार कायद्याने उभा राहत नाही. आणि मंजुरी मागायची म्हणजे संस्थेला हे खरोखर हिताचे आहे काय, हे तिथे पटवून द्यावे लागते. पुष्कळांना हा सरकारी अडथळा वाटतो. मला तो शंभर वर्षांपूर्वी वर्गणी देणाऱ्यांचा आवाज वाटतो. ते आज सभेला येऊ शकत नाहीत, एवढेच.

आता देणग्या. शताब्दी निधीला प्रतिसाद चांगला आहे, म्हणूनच सांगतो. आयकराचे नियम गेल्या काही वर्षांत फार बदलले आहेत. पूर्वी करसवलतीची नोंदणी एकदा मिळाली की जन्मभर पुरत असे. २०२१ पासून ती मुदतीची झाली, आणि ज्या संस्थांनी वेळेवर नव्याने अर्ज केले नाहीत त्यांची पंचाईत झाली. १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला, त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची. तेव्हा जुने कलम क्रमांक पाठ असलेल्यांनी ते विसरायला लागावे. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. वर्षाच्या उत्पन्नाचा निदान ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्देशासाठी खर्च व्हावा आणि साठवायचा असेल तर कशासाठी ते आधी सांगावे. दोन हजार रुपयांवर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. देणगीदारांची नावनिशीवार यादी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून दरवर्षी आयकर खात्याकडे द्यावी लागते. म्हणून 'एक हितचिंतक' या नावाने मोठी रक्कम देऊ इच्छिणाऱ्या हितचिंतकांना माझी विनंती आहे, की फलकावर नाव नको असेल तर आपण घालणार नाही, पण पावतीवर आणि वहीत ते हवेच. निनावी पैशावर कर बसू शकतो. आणि पैसा कोठून आला हे ज्या संस्थेला सांगता येत नाही, तिला तो कोठे गेला हेही विचारू नये, असे होऊन बसते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपल्या सभासदांची मुले अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात आहेत. बालपणी याच खोलीत चांदोबा वाचलेले एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. जिना चढताना त्यांचे डोळे भरून आले. बालविभागासाठी मोठी रक्कम देतो म्हणाले, चेकबुक खिशातच होते. मी विचारले, "पासपोर्ट कोणता?" त्यांना वाटले मी चेष्टा करतो आहे. पण फरक मोठा आहे. भारताचा नागरिक परदेशी राहत असेल आणि स्वतःच्या मिळकतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती साधी देणगी. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर तो जन्माने बडोद्याचा, आडनावाने आपल्यातला असला, तरी २०१० च्या परकीय योगदान कायद्याप्रमाणे त्याचा पैसा परकीय ठरतो; इथे येऊन रुपयांत दिला तरीही. असा पैसा घ्यायचा तर केंद्रीय गृहखात्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच यावा लागतो. आपल्याकडे यातले काही नाही. मी त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी परका?" ते म्हणाले. या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते मला त्या जिन्यावर उभे राहून देता येईना. एका सदस्याने हळूच सुचवले, की त्यांच्या इथल्या भावाच्या नावावर पावती फाडू. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्या पावसाळी रात्री माझाही नव्हता. आम्ही ते केले नाही. ते गृहस्थ दुपारभर बालविभागात बसले, फाटलेल्या पुस्तकांना पट्ट्या चिकटवत.

पुस्तकांचे राहिले. न्यासाची मालमत्ता म्हणजे केवळ इमारत आणि मुदतठेवी नव्हेत; आपली खरी मालमत्ता या कपाटांत आहे. जुन्या मासिकांचे बांधीव खंड, देणगीदारांच्या सह्यांची पुस्तके, कसर लागलेली पण दुसरीकडे न मिळणारी. जागा होत नाही म्हणून रद्दी काढणे अपरिहार्य आहे. पण काय काढले, कोणी ठरवले, कोणाला दिले आणि किती पैसे आले, याची यादी दाखल-नोंदवहीत क्रमांकानिशी हवी. दुर्मीळ पुस्तक रद्दीत जाऊन संग्राहकाच्या कपाटात सुखरूप पोचते, हा प्रवास आपल्याकडे अनेक ग्रंथालयांतून झालेला आहे. तो प्रवास ज्यांनी घडवला त्यांतले काहीजण ग्रंथप्रेमी म्हणून प्रसिद्धही आहेत.

काकांच्या चिरंजिवांना मी उत्तर देणे लागत होतो. त्यानंतरचे सात रविवार आम्ही दोघे खिडकीजवळच्या त्या मेजाशी बसलो. ती खिशातली वही, पावत्यांची स्थळप्रत, पगाराची पावतीवही आणि वीज बिले, सगळे तारखांप्रमाणे लावले. ग्रंथपालांनी आपली जुनी डायरी आणून दिली; पगार कोणत्या दिवशी हातात पडला ते त्यांनी लिहून ठेवले होते. पुष्कळ जुळले. आकड्यापुढची खूण म्हणजे परत घेतलेली रक्कम, हे तिसऱ्या रविवारी ध्यानात आले. शेवटच्या पाच महिन्यांचे जुळले नाही. तिथे काकांचे अक्षरही बिघडलेले होते. जेवढे जुळले त्यावरून संस्थेचेच त्यांना देणे निघत होते. ते विवरण आम्ही सह्या करून मंडळापुढे ठेवले, आणि त्याला जोडून माझे एक पत्र, ज्यात त्या न झालेल्या सभेची हकीकत होती. दोन्ही इतिवृत्तात नोंदले गेले आणि त्यांच्या प्रती तपासनीसांकडे गेल्या.

देणे घ्यायला चिरंजिवांनी नकार दिला. विवरणाची एक प्रत मात्र मागून घेतली, आईला वाचून दाखवण्यासाठी. ती वही त्यांनी वाचनालयातच ठेवायला दिली. मग रीतसर पावती फाडणे आले. आपल्या पावतीपुस्तकात रकमेचा एकच रकाना असतो. त्यात मी 'एक खिशातली वही, पाने ४८' असे लिहिले, त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली.